भेटेल त्याला सांगावीत अशी काही पुस्तकं

गेल्या वर्षभरात वाचलेली काही पुस्तकं मी सध्या भेटेल त्याला 'वाचा' म्हणून सांगतोय. काहींनी वाचली. काहींनी तोंड वाकडं केलं. एका मित्राने पुस्तक परत करताना वर सल्लाही दिला, "हे घरात उघड्यावर ठेवू नका, मुली वाचतील." मुलींनी वाचावं म्हणूनच ते मी समोरच्या फळीवर ठेवलंय. तेव्हा सुरुवात त्याच पुस्तकापासून.

बानू मुश्ताक यांचा 'हार्ट लॅम्प' हा कथासंग्रह. मूळ कथा कन्नड, इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला. कन्नडला तो पहिल्यांदा मिळाला आणि कथासंग्रहालाही पहिल्यांदाच. पण पुरस्काराचं सोडा. बानू मुश्ताक हासनच्या. पेशाने वकील, बंडाय साहित्य चळवळीतून पुढे आलेल्या. घरात आपल्यासारखीच दखनी आणि लिहायचं ते कन्नडमधून. आपणही घरात एक बोलतो आणि मराठीत लिहितो. त्यामुळे या कथांमधली घरं मला सोलापूर-मिरजेकडची वाटली. तीच दालनं, तेच पडदे, जमातीची तीच बैठक आणि त्या बैठकीत बायकांच्या आयुष्याचा निकाल लावणारी तीच चार टोप्या घातलेली माणसं.

ज्या कथेवरून पुस्तकाचं नाव आलं, त्यात मेहरून नावाची बाई तान्हं मूल घेऊन माहेरी येते. नवरा दुसरीच्या नादी लागलाय. भाऊ तिला जवळ घेत नाहीत, अब्रूचा हिशेब मांडतात आणि त्याच दिवशी तिला सासरी परत नेऊन सोडतात. पुढे काय होतं ते इथे सांगत नाही. वाचताना मला त्या नवऱ्याचा फारसा राग आला नाही, तसले नवरे असतातच. राग आला त्या भावांचा. ते वाईट नाहीत, हीच अडचण आहे. बहिणीवर त्यांचं प्रेम आहे, नमाजी आहेत, कष्टाळू आहेत. असे भाऊ आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत आणि वाचणाऱ्या पुरुषांपैकी बरेच जण स्वतःच असे भाऊ आहेत.

'काळे नाग' अशा अर्थाच्या नावाची एक कथा आहे. टाकून दिलेली एक बाई आजारी लेकरू घेऊन मशिदीच्या दारात न्याय मागायला बसते आणि मुतवल्ली टाळाटाळ करत राहतो. गिरीश कासरवल्लींचा 'हसीना' हा चित्रपट याच कथेवरचा. आणखी एका कथेत एक गरीब म्हातारी हजला निघालेल्या बाईकडे झमझमच्या पाण्यात भिजवलेलं कफन आणायला पैसे देते. त्या बाईच्या खरेदीच्या यादीत सगळं असतं, कफन तेवढं राहून जातं. हजहून आलेल्यांकडे गालिचे किती, घड्याळं किती हे मोजणाऱ्या आपल्या समाजाने ही कथा मोठ्याने वाचायला हवी. आणि हे सगळं रडकं नाही, बरं का. गोबी मंचुरियनच्या पायात वेडा झालेला एक अरबी शिकवणारा मास्तर आहे, त्याची कथा वाचताना मी रात्री एकटाच हसत होतो. ते हसू शेवटी घशात अडकतं, ही गोष्ट वेगळी.

अनुवादाबद्दल एक सांगायला हवं. दीपा भास्तींनी उर्दू, अरबी, कन्नड शब्द तसेच ठेवलेत. तिरक्या अक्षरात नाहीत, खाली तळटीप नाही. लंडनचा वाचक अडखळला तर अडखळू दे. आपल्याकडे मात्र मराठीत 'अम्मी' लिहिलं की संपादक कंसात 'आई' टाकतो. हे कधी थांबणार?

आता त्या मित्राच्या आक्षेपाबद्दल. "यातून आपली बदनामी होते. आधीच लोक टपून बसलेत." या बोलण्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हेच पुस्तक वाचून माझा एक हिंदू सहकारी मला म्हणाला, "तुमच्यात फारच असं असतं ना?" मी त्याला त्याच्या गल्लीतल्या दोन घरांची आठवण करून दिली, तेव्हा तो गप्प झाला. म्हणजे दोन्हीकडून ओढ आहे. बाहेरच्याला पुरावा हवा असतो आणि आतल्याला झाकण. लेखिकेने दोन्ही भोगलंय. बायकांना मशिदीत जाता आलं पाहिजे असं बोलल्याबद्दल २००० च्या सुमारास त्यांच्यावर समाजातून बहिष्कार घातला गेला. २०२५ मध्ये म्हैसूरच्या दसऱ्याचं उद्घाटन त्यांच्या हस्ते ठरलं, तेव्हा मुसलमान बाई कशी चालेल म्हणून काही लोक थेट न्यायालयात गेले. न्यायालयाने ऐकलं नाही, उद्घाटन त्यांनीच केलं. दोन्ही बाजूंच्या माणसांना जे पुस्तक नकोसं होतं, त्यात काहीतरी खरं असणार असा माझा हिशेब आहे.

मराठीत ही वाट नवीन नाही. 'हार्ट लॅम्प' संपल्यावर मी हमीद दलवाईंची 'इंधन' पुन्हा काढली. १९६५ ची कादंबरी, कोकणातलं गाव. बऱ्याच वर्षांनी गावी आलेला निवेदक आणि त्याच्या डोळ्यांदेखत हळूहळू पेटत जाणारं गाव. दलवाई म्हटलं की आपल्याकडे लगेच १९६६ चा सात महिलांचा मोर्चा, मुस्लिम सत्यशोधक मंडळ, बाजूचे आणि विरोधातले लोक असं सगळं उभं राहतं आणि कादंबरीकार दलवाई मागे राहतो. त्यांची मतं पटोत न पटोत, 'इंधन' वाचायला मतं लागत नाहीत. कुणीही धुतल्या तांदळाचं नाही, खोतही नाही, कूळही नाही, इकडचे नाहीत, तिकडचे नाहीत. गावातल्या बाईच्या शरीरावरून सुरू झालेली कुरबुर धर्माची कधी होते, ते या कादंबरीत दिसतं तसं मला मराठीत दुसरीकडे क्वचितच दिसलं.

आणि दलवाईंबरोबर मेहरुन्निसा दलवाई यांचं 'मी भरून पावले आहे' वाचाच. नवरा समाज बदलायला निघालेला असताना घरातला महिना कोण भागवतं, हे या आत्मकथनातून कळतं. खादी कमिशनमधली त्यांची नोकरी हा त्या घराचा आधार होता. बाई कुरकुरत नाहीत, मिरवतही नाहीत. भाषा साधी, समोर बसून बोलल्यासारखी. चळवळीच्या इतिहासात अशा बायकांना एखाद-दुसरी ओळ मिळते, त्या हिशेबाने हे पुस्तक मला नवऱ्यावरच्या बऱ्याच पुस्तकांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

हिंदी वाचता येणाऱ्यांसाठी राही मासूम रझांचं 'आधा गाँव'. गाझीपूरजवळचं गंगौली, शिया जमीनदारांचा मोहर्रम, मग फाळणी. भरपूर शिव्या आहेत, आधीच सांगून ठेवतो. पात्रांची गर्दीही खूप, पहिली पन्नास पानं नेटाने काढावी लागतात. टीव्हीवरच्या 'महाभारत'चे संवाद याच माणसाने लिहिले हे तरुणांना सांगितलं की ते आधी थक्क होतात आणि मग पुस्तक मागतात.

शेवटचं पुस्तक इतिहासाचं आहे. रिचर्ड ईटन यांचं 'सुफीज ऑफ बिजापूर', १९७८ चं. संशोधनाचा ग्रंथ असल्याने सगळा सलग वाचवत नाही, मी काही प्रकरणं चाळलीच. पण त्यातला चक्कीनाम्यांचा भाग सोडू नका. विजापूरकडच्या सूफी परंपरेतून दखनीत दळताना म्हणायची गाणी आली. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, म्हणजे अल्लाह, अशी त्यातली रूपकं. सूत काततानाची तशीच चरखानामे. ईटन म्हणतात की दखनच्या खेड्यापाड्यात इस्लामच्या कल्पना घरात पोहोचल्या त्या अशा बायकांच्या तोंडून, लेकराला मांडीवर घेऊन दळता दळता. तलवारीने की व्यापाराने, या वादात आपण जातं विसरूनच गेलो होतो. मराठी बाई त्याच पहाटे, तसल्याच जात्यावर विठोबाची ओवी म्हणत होती, हेही वाचताना डोक्यातून जात नाही.

हे वाचून मी माझ्या थोरल्या फुप्पीला फोन केला. वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं. जात्यावर काय म्हणायचात, असं दोनदा ओरडून विचारलं. तिने एक ओळ गुणगुणली, अर्धी दखनी, अर्धी मराठी, आणि "पुढचं तुझ्या दादीला येत होतं" म्हणून थांबली. ती अर्धी ओळ मी वहीत उतरवून ठेवली आहे. रमजाननंतर तिच्याकडे जाणार आहे, गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांना येतं म्हणाली.