मुलाची शाळा कशी निवडावी?

पुण्याच्या एका भगिनी विचारतात, “चिरंजीव यंदा पांचवींत जाणार. मामंजींना त्यांचीच जुनी शाळा हवी आहे. इकडून मोठ्या फीची नवी शाळा मनांत आहे. कोणाचें ऐकावें?”

आमच्या मतें आधीं दोन्ही शाळांचीं नांवें विसरावीं. १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल काढलें, तेव्हां त्या खासगी शाळेस ना पूर्वपुण्याई होती, ना स्वतःची इमारत. होते ते शिक्षक. आजही पाहावयाचें तें हेंच. शिक्षक टिकतात कीं वर्षावर्षाला बदलतात? वर्गांत मुलें किती? सहावी ते आठवीसाठीं ३५ मुलांमागें निदान एक शिक्षक हवा, असें २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. प्रवेशासाठीं देणगी मागणें किंवा मुलाची व आईबापांची परीक्षा घेणें हेंही त्यानें निषिद्ध ठरविलें आहे. जाण्यायेण्यांत मुलाचा किती वेळ मोडेल, तेंही मोजावें. मग मामंजी व यजमान या दोघांनीं चिरंजिवांस घेऊन दोन्ही शाळा पाहून याव्या.

पत्राच्या अखेरीस भगिनी सहज लिहितात, “फी जड झाली तर धाकटीला साध्याशा शाळेंत घालूं.” आम्हांस खरा प्रश्न येथेंच दिसतो. ज्या शाळेची फी बहिणीच्या शिक्षणांतून वजा करावी लागते, ती कितीही नामांकित असो, त्या घरास परवडणारी नव्हे.