एवढ्यावर थांबू नकोस, सिस्टर!

गेल्या जूनमध्ये आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात गुणवंतांचा सत्कार झाला. दहावी-बारावीची मुले, एक इंजिनिअर, एमबीबीएसला नंबर लागलेला एक मुलगा, सगळ्यांना पुस्तक आणि पुष्पगुच्छ मिळाला. मागच्या रांगेत एक मुलगी बसली होती. तिने त्याच वर्षी मानसोपचार परिचर्या हा विषय घेऊन एम.एस्सी. नर्सिंग पूर्ण केले होते. तिचे नाव यादीत नव्हते. का नाही, असे आयोजकांना विचारले तर उत्तर मिळाले, "सर, ती नर्सच आहे ना? आणि त्यातही वेड्यांची!"

कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी स्वतःहून भेटायला आली. म्हणाली, "जयभीम काका. पीएच.डी. करावी म्हणते. घरचे म्हणतात, आता बस झालं शिक्षण. तुम्हाला काय वाटतं?"

गर्दीत उभ्या-उभ्या तिला "कर" एवढेच सांगितले. पण एका शब्दाने तिचे भागणार नाही आणि समाजाचे तर नाहीच. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ. मनोरुग्णालयात डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. चोवीस तास वॉर्डात असते ती सिस्टर. कोण रात्रभर जागा होता, कोणी तीन दिवसांपासून ताटाला हात लावलेला नाही, कोणी गोळी गिळल्यासारखे करून जिभेखाली दाबून ठेवली, कोण अचानक गप्प झाला आणि आज रात्री त्याच्यावर डोळा ठेवला पाहिजे, हे सगळे तिला ठाऊक असते. हे ज्ञान आहे. पण ते रजिस्टरमध्ये चार ओळींत संपते आणि शिफ्ट बदलली की विरून जाते. या अनुभवाला शिस्त लावणे, तो तपासणे, त्यातून उपचाराची नवी पद्धत उभी करणे, यालाच या विषयातले संशोधन म्हणतात.

हे काम परिचारिकेचे नव्हेच, असे मानणारे साऱ्या जगात होते. हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेला आधुनिक मानसोपचार परिचर्येची जननी म्हणतात. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हाच उपचाराचा गाभा आहे, हे मांडणारे पुस्तक त्यांनी १९४८ मध्ये लिहून पूर्ण केले. ते छापायला १९५२ साल उजाडले. कारण काय? सोबत सहलेखक म्हणून एखाद्या डॉक्टरचे नाव नव्हते! एका नर्सने एकटीने सिद्धान्त मांडावा, हे त्या काळी पचणारे नव्हते. ज्ञान कोणी निर्माण करायचे आणि कोणी फक्त राबायचे, ही वाटणी आपल्याला नवी नाही. आपण ती हजारो वर्षे सोसली आहे.

अमेरिकेतलीच दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. तिथल्या कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याला परका नाही. दलित पँथरने आपले नावच तिथून घेतले. त्या लढ्याने मतदानाचा, शाळेचा, बसमधल्या जागेचा हक्क मागितला, हे आपण वाचलेले असते. पण १९७४ मध्ये तिथल्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने सरकारी पैशातून एक फेलोशिप सुरू केली, हे फारसे कोणी सांगत नाही. ही फेलोशिप होती कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतल्या परिचारिकांसाठी, आणि तीही मानसिक आरोग्य या विषयात डॉक्टरेट करण्यासाठी. पुढे तिची धुरा डॉ. हॅटी बेसंट या कृष्णवर्णीय परिचारिकेने वाहिली. विचार साधा होता. ज्या समाजाने वंशद्वेष भोगला, त्याच्या मनावरच्या जखमा ओळखणारे विद्वान त्याच समाजातूनही आले पाहिजेत. नुसत्या नोकऱ्या देऊन हे होत नाही. सर्वोच्च पदवीपर्यंतची वाट बांधून द्यावी लागते.

आता आपल्याकडे पाहू. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. ही पाहणी १२ राज्यांत झाली आणि त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता! म्हणजे आपल्या वस्त्यांत, तांड्यांवर, वसतिगृहांत किती माणसे आतून मोडली आहेत, याचा हिशेब त्या पाहणीत शोधूनही सापडणार नाही.

रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली. दर वेळी आपण रस्त्यावर उतरलो आणि उतरलेच पाहिजे. पण दर वेळी समोरून एकच प्रश्न येतो, "जातीमुळेच झाले याला पुरावा काय?" आपले दुःख आपल्याकडे आहे, त्याचा पुरावा मात्र आपल्या हातात नाही. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीवर डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला, तेव्हा तो विषय झटकून टाकता आला नाही. कारण ते लिहिलेले होते, मोजलेले होते. असे शंभर अभ्यास लागतील. वसतिगृहातल्या मुलांची झोप का उडते? गटारात उतरणाऱ्या कामगाराची दारू आणि त्याच्या बायकोचे नैराश्य यांचे नाते काय? ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांत बरे होऊनही घरी न नेलेली माणसे कोणाची आहेत? हे प्रश्न वॉर्डात राबलेल्या आणि वस्तीत वाढलेल्या मुलीला सुचतील. इतरांना ते सुचू नयेत असे नाही. पण त्यांची वाट पाहत किती पिढ्या बसायचे?

कायदाही आता काही दारे उघडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आणि त्यात भेदभाव नको म्हणताना ‘जात’ हा शब्द स्पष्ट लिहिला. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर किमान १५ वर्षे अनुभव असलेली एक मानसोपचार परिचारिका असावी, अशीही तरतूद केली. त्या खुर्चीवर बसून अभ्यासाच्या बळावर बोलणारी आपली लेक का नसावी?

वाट कशी आहे, तेही सांगतो. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंग, मग एम.एस्सी., मग पीएच.डी. असा क्रम आहे. निम्हान्समध्ये या विषयात संशोधन होते. भारतीय परिचर्या परिषदेने २००६ मध्ये बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या साथीने पीएच.डी.साठी राष्ट्रीय व्यवस्था उभी केली. अमेरिकेत याशिवाय ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ ही वेगळी पदवी आहे. पीएच.डी. नवे ज्ञान शोधते. ही पदवी ते ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत कसे न्यायचे ते शिकवते. परदेशी जाण्यासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. मात्र निवडलेली पदवी नियमात बसते का, हे अर्जापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

गोड चित्र रंगवून कोणाला फसवायचे नाही. पीएच.डी. झाली म्हणून उद्या पगार दुप्पट होईल असे नाही. डॉक्टरेट घेऊनही त्याच वॉर्डात त्याच नाइट ड्युट्या कराव्या लागू शकतात. तीन-चार वर्षे, कधी त्याहून अधिक, घरात येणारा पैसा आटतो. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधक मुलामुलींना आझाद मैदानावर कसे बसावे लागले, हे २०२३ मध्ये आपण पाहिले आहे. आई "बस झालं" म्हणते ती अडाणी म्हणून नव्हे. धाकट्याची फी कोण भरणार, हा तिचा रोकडा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाला भाषणाने उत्तर मिळत नाही. सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेला पगारी अभ्यासरजा, फेलोशिप दरमहा वेळेवर आणि या विषयासाठी राखीव जागा, या मागण्या आपल्या संघटनांच्या निवेदनात आल्या पाहिजेत. कर्मचारी संघटनांनी दरवर्षी एका तरी मुलीच्या प्रबंधाचा खर्च उचलावा. जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे वाचवले तरी सुरुवात होते. आणि ‘वेड्यांची नर्स’ हा शब्द आधी आपल्या तोंडातून जाऊ द्या. सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता-करता १८९७ मध्ये गेल्या. त्यांचा फोटो लावायचा आणि सेवा करणाऱ्या लेकीला मागच्या रांगेत बसवायचे, हे कसे चालेल?

बाबासाहेबांनी कोलंबिया आणि लंडनमधून डॉक्टरेट मिळवल्या त्या नावापुढे अक्षरे लावण्यासाठी नव्हे. प्रश्न आपल्या बाजूने मांडता यावा म्हणून. म्हणून पोरी, कर पीएच.डी. पण कुणाचा प्रबंध उतरवून काढू नकोस. तुझ्या वॉर्डातल्या, तुझ्या वस्तीतल्या माणसाचा प्रश्न घे आणि तो शेवटपर्यंत ने.

यंदाच्या सत्काराची यादी अजून व्हायची आहे. तिचे नाव त्यात पहिले असेल, हे पाहण्याची जबाबदारी मी घेतली आहे. तुमच्या वस्तीतली अशी मुलगी तुम्ही शोधा. जयभीम!