विश्लेषण : मेट्रोचा खड्डा ढासळतो, तेव्हा दोष फक्त जमिनीचा असतो का?

भुयारी मेट्रोच्या कामात अपघात झाला, की पहिले स्पष्टीकरण ठरलेले असते : जमीन अचानक खचली. यातला ‘अचानक’ हा शब्द तपासून घ्यायला हवा. त्यासाठी सिंगापूरची निकोल हायवे दुर्घटना पुन्हा वाचण्यासारखी आहे.

नेमके काय घडले?

२० एप्रिल २००४, दुपारचे साधारण साडेतीन. सर्कल लाइन या भुयारी मार्गासाठी सुमारे ३० मीटर खोल खोदकाम झाले होते. म्हणजे दहा मजली इमारत आत मावेल एवढे. दोन्ही बाजूंच्या काँक्रीटच्या भिंती आत कलू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये लोखंडी आडवे टेकू, म्हणजे स्ट्रट, एकाखाली एक नऊ थरांत बसवले होते. हा आधार निकामी झाला, भिंती आत आल्या आणि शेजारच्या सहापदरी रस्त्याचा भाग खड्ड्यात गेला. चार जणांचा मृत्यू झाला.

चूक कुठे होती?

जमीन वाईट होतीच. समुद्रात भराव टाकून केलेली आणि खाली मऊ चिकणमाती. पण ते सगळ्यांना माहीत होते. चौकशीत समोर आलेली एक मोठी चूक संगणकावरची होती. मातीच्या गणितासाठी निवडलेल्या पद्धतीत चिकणमाती प्रत्यक्षापेक्षा घट्ट धरली गेली. परिणामी भिंत किती वाकेल आणि तिच्यावर किती ताण येईल, हे आकडे कमी आले.

दुसरी चूक सांध्याची. टेकूचा भार भिंतीलगतच्या तुळईवर जिथे येतो, तो जोड गरजेच्या जवळपास निम्म्याच ताकदीचा होता. आधीच्या प्लेट वाकू लागल्या, म्हणून त्यांच्या जागी सी-चॅनेल बसवले गेले. त्याने ताकद फारशी वाढली नाही. उलट एका मर्यादेपलीकडे जोड एकदम मान टाकू लागला.

या चुका तज्ज्ञांच्या म्हणता येतील. पुढची मात्र कुणालाही कळेल अशी आहे. भिंतीची हालचाल मोजणारी यंत्रे तिथे होती. ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली, तेव्हा नवे गणित मांडून मर्यादाच वाढवण्यात आली आणि काम पुढे चालू राहिले. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरवरची लाल रेघ वर सरकवण्याचा हा प्रकार. दुर्घटनेच्या दिवशीही सकाळपासून टेकूंकडून आवाज येत होते, वाकलेले चॅनेल दिसत होते. तरी खड्डा पूर्ण रिकामा झाला नाही. सांधे काँक्रीटने बळकट करण्याची धडपड सुरू राहिली.

‘तात्पुरते’ म्हणजे दुय्यम?

हे टेकू स्थानक बांधून झाले की काढून टाकायचे असतात. बांधकाम क्षेत्रात तात्पुरत्या गोष्टीकडे पाहण्याची एक सवय असते, आणि खरा धोका तिथे आहे. मजूर खाली असतात ते नेमके त्या तात्पुरत्या आधाराच्या भरवशावर. म्हणूनच चौकशी समितीने तात्पुरत्या कामालाही कायमच्या बांधकामाइतकेच कडक सुरक्षा निकष लावण्याची शिफारस केली.

भारतातला अनुभव

कोलकात्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बऊबाजार भागात बोगदा खोदणारे टीबीएम यंत्र भूजलाच्या साठ्याला भिडले. बोगद्यात पाणी घुसले आणि वरची जुनी घरे तडकली, काही कोसळली. शेकडो जणांना घर सोडावे लागले. हा दोष जमिनीच्या खात्यावर टाकता येईलही. पण २०२२ मध्ये त्याच परिसरात मे आणि ऑक्टोबर अशा दोन वेळा घरांना पुन्हा तडे गेले, तेव्हा ‘अनपेक्षित’ हा शब्द टिकत नाही.

मुंबईत आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग दाट वस्तीखालून गेला आहे आणि राज्यात आणखी भुयारी मार्गांचे बेत आहेत. तिथे विचारायचा प्रश्न साधा आहे : यंत्राचा आकडा मर्यादेबाहेर गेला, तर काम थांबवण्याचा अधिकार कुणाला? ज्या कंत्राटदाराला उशिराचा दंड भरायचा आहे, त्यालाच मर्यादा बदलता येत असेल, तर यंत्रे बसवून उपयोग काय? मर्यादा बदलण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञाची सही सक्तीची करावी आणि वरच्या इमारतींच्या नोंदी तिथल्या रहिवाशांना दर आठवड्याला मिळाव्यात. एवढ्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. निविदेत दोन कलमे वाढवावी लागतील.