मीटरची अदलाबदल आणि ग्राहकधर्म

सांगलीतल्या एखाद्या सदनिका संकुलात दोन मीटरची अदलाबदल होते, एकाच्या विजेचे देयक दुसऱ्याच्या माथी येते आणि शेजारधर्म पणाला लागतो. अशा वेळी ना वशिला शोधावा, ना आदळआपट करावी. घरातील मुख्य कळ बंद करून कोणते मीटर थांबते ते पाहावे, क्रमांक देयकाशी ताडावा, लेखी तक्रारीची पोच घ्यावी. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास वीज तोडता येत नाही. पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच व विद्युत लोकपाल आहेतच. मात्र ज्याला कमी देयक येत होते, त्यानेही स्वतःहून पुढे यावे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये उभी केलेली ग्राहक चळवळ हक्कांइतकीच कर्तव्याचीही आहे.