सुई सुटणार केव्हा?

ऐन दिवाळीत मधुमेहावर लिहितो म्हणून गृहिणींनी रागावू नये. कुणाच्या ताटातली करंजी काढून घेण्याचा माझा विचार नाही. गेली बावीस वर्षे मी इन्सुलिन टोचून घेत आहे आणि दर दिवाळीला फराळाला आलेले कुणीतरी विचारतेच, "काय हो, ही सुई सुटणार केव्हा?"

माझी सुटेलसे वाटत नाही. पण ती पुष्कळ सुधारली, हे खरे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोला लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन टोचले, ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले आणि अशुद्ध होते. त्याने फारसे साधले नाही. कॉलिप यांनी ते शुद्ध केले, बारा दिवसांनी पुन्हा टोचले आणि पोरगा तरला! शोधकांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकले. आजच्या किमती पाहून ही गोष्ट आठवते, एवढेच.

१९८२ पासून जंतूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन मिळू लागले. आता आठवड्यातून एकदाच टोचायचे 'आयकोडेक' निघाले आहे. २०२४ साली युरोपात त्याला मान्यता मिळाली. ते रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसते आणि सावकाश सुटत राहते. सोय मोठी, पण एकदा टोचलेली आठवड्याची मात्रा परत कशी घेणार? मध्येच पोट बिघडले, जेवण चुकले, तर? पहिल्या प्रकारच्या मधुमेहींत रोजच्या इन्सुलिनपेक्षा याने साखर अधिक वेळा उतरली, असे चाचण्यांत दिसलेच. रात्री घाम फुटून जाग येणे काय असते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक!

म्हणून मला ओढ आहे ती साखर वाढली तरच जागे होणाऱ्या इन्सुलिनची. २०२४ साली उंदीर आणि डुकरांवर तसे करून दाखवले आहे. मूळपेशींपासून बनवलेल्या पेशी टोचल्यावर १२ पैकी १० रुग्णांची सुई वर्षअखेर सुटलेली होती, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्यापायी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत राहावे लागते.

तोवर, वाचकहो, सणाच्या गर्दीत औषध घेताना कुपीवरचा आकडा पाहा. आपल्याकडे ४० चे आणि १०० चे, दोन्ही इन्सुलिन मिळते. १०० चे औषध ४० च्या सिरिंजने भरले, तर अडीचपट पोटात जाते. एका दुकानदाराने माझ्या हाती तसलीच जोडी ठेवली होती. मी ती तिथेच परत केली.