भिवंडीहून दुबईला, व्हिजिट व्हिसाच्या वाटेने

भिवंडी/प्रतिनिधी

संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात बेकायदा वास्तव्य करणाऱ्या परदेशी नागरिकांना दंड माफ केला आणि मायदेशी परतण्याची अथवा कागदपत्रे नियमित करून घेण्याची मुभा दिली. अशी मुभा यापूर्वी २००७, २०१२-१३ आणि २०१८ मध्येही देण्यात आली होती. दर काही वर्षांनी माफी जाहीर करावी लागते, याचाच अर्थ परवान्याविना राबणाऱ्यांचा ओघ मधल्या काळात थांबलेला नसतो. हा ओघ कुठून आणि का वाहतो, हे समजून घ्यायचे तर भिवंडीसारखे शहर डोळ्यांसमोर ठेवावे लागते.

भिवंडी हे मुळातच स्थलांतरितांचे गाव. १८५७ च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातील मोमीन विणकर येथे आले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे बरेचसे कापड येथील यंत्रमागांवर निघू लागले आणि पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, तसेच तेलंगणातील पद्मशाली समाजाच्या कामगारांची भर पडत गेली. कोळशाची खाण, मुंबई आणि दुबई या तीन ठिकाणांवाचून गरिबाला गत्यंतर नाही, अशा अर्थाचे यमक तेलंगणाच्या आंदोलनात प्रचलित होते. त्यातील मुंबईत भिवंडीही गृहीत धरायला हवी. गोरखपूर, आझमगड किंवा करीमनगरच्या घरातला एक भाऊ येथे मागावर आणि दुसरा आखातात, हे चित्र अपवादात्मक नाही. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सुटली आणि त्याच आठवड्यात आखातात अडकलेल्यांना आणण्यासाठी ‘वंदे भारत’ची पहिली विमाने निघाली. दोन्हींतील प्रवाशांची गावे बहुधा फार दूरची नसावीत.

येथून पुढे जावेसे का वाटते, याचे उत्तर मागाच्या खात्यात मिळते. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, सुटीचा पगार नाही; जेवण ‘भिसी’त आणि झोपायची जागा पाळीनुसार वाटून घेतलेली. त्यात २०१६ ची नोटाबंदी आणि २०१७ चा जीएसटी या पाठोपाठच्या धक्क्यांनी अनेक माग बंद पडले, काही भंगारात गेले. मानकोली, काल्हेर, पूर्णा परिसरातील गोदामांनी रोजगार दिला खरा, परंतु तो बहुतांशी कंत्राटी. विणकराचे कसब दुबईत फारसे उपयोगाचे नाही. माल उतरवणे, पॅकिंग करणे, फोर्कलिफ्ट चालवणे हे काम मात्र काल्हेरमध्ये आणि जबल अलीमध्ये सारखेच आहे. तेथे पगार दिरहममध्ये मिळतो, एवढा फरक पुरेसा ठरतो.

कायदेशीर दरवाजा अर्थातच आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीचा पासपोर्ट सर्वसाधारणपणे ‘ईसीआर’ वर्गातला असतो आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना तिला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ची मंजुरी घ्यावी लागते. मुंबईतील हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. मंजुरीसाठी मालकाचा करार ‘ई-मायग्रेट’ या सरकारी प्रणालीत नोंदवावा लागतो. दोन वर्षांसाठी अवघ्या २७५ रुपयांच्या हप्त्यात प्रवासी भारतीय बीमा योजनेचे दहा लाखांचे अपघाती विमासंरक्षण मिळते. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. कागदावर ही व्यवस्था वाईट नाही.

परंतु नोकरीसाठी जाणाऱ्या कामगाराची एजंटच्या कार्यालयाशी गाठ क्वचितच पडते. त्याला भेटतो तो गल्लीतला, ओळखीचा, बहुधा गावचाच माणूस. या उपएजंटला कायद्यात स्थानच नाही. तो मागतो ती रक्कमही कायद्याच्या मर्यादेत बसत नाही. ‘करार, मंजुरी यात महिने जातात; व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर नोकरी लावतो’, हे त्याचे ठरलेले सांगणे. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला उत्प्रवासन मंजुरी लागत नाही. दुबईने २०२४ मध्ये परतीचे तिकीट, निवासाचा पुरावा आणि किमान तीन हजार दिरहम जवळ असण्याच्या अटीची कडक तपासणी सुरू केली, तेव्हा एजंटांच्या खर्चाच्या यादीत आणखी काही रकाने वाढले, इतकेच!

हे सांगणे सर्वस्वी खोटे असते तर त्याला कोणी भुलले नसते. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या माणसाला नोकरी मिळाली आणि मालकाने परवाना काढला, तर अमिरातीत व्हिसाचा प्रकार बदलून घेता येतो. असे स्थिरावलेले लोक प्रत्येक मोहल्ल्यात सापडतात आणि त्यांचेच उदाहरण नव्याला दाखवले जाते. न स्थिरावलेले सहसा बोलत नाहीत.

व्हिसा तीस किंवा साठ दिवसांचा. त्या मुदतीत काम मिळाले नाही, की पुढच्या प्रत्येक दिवसाला पन्नास दिरहम दंड चढू लागतो. महिन्याचे झाले दीड हजार दिरहम. हमालाच्या किंवा मदतनीसाच्या अनेक नोकऱ्यांत पूर्ण पगारही तेवढा नसतो. मग मिळेल त्या दराने, रोखीत, परवान्याविना काम करणे आले. मालकाने दोन महिन्यांचा पगार बुडवला तरी तक्रारीला जायची सोय नाही, कारण तक्रार करणे म्हणजे स्वतःच्या बेकायदा वास्तव्याची कबुली देणे. या माणसाचा करार ‘ई-मायग्रेट’मध्ये नसतो, विमा उतरवलेला नसतो, अपघात झाला तर दहा लाखांचा प्रश्नच उद्भवत नाही. दहावी झालेल्या तरुणाला मंजुरीची गरजच नसल्यामुळे तो या संरक्षक जाळ्याच्या बाहेरच असतो, ही आणखी एक विसंगती. शाळेचे एक प्रमाणपत्र फसवणुकीपासून कसे वाचवते, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक.

सौदी अरेबियाने २०१३ मध्ये ‘निताकत’च्या निमित्ताने अशा कामगारांना मुदत दिली, तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना परतावे लागले. त्यांत रीतसर व्हिसावर गेलेलेही बरेच होते. ‘आझाद व्हिसा’ या नावाने विकत घेतलेल्या कागदावर एकाचे नाव मालक म्हणून असायचे आणि काम दुसऱ्याकडे चालायचे. विकणारे त्या हिशेबातून नामानिराळे राहिले.

खरा असमतोल येथे आहे. अमिरातीने ऑगस्ट २०२४ मध्ये कायदा बदलून परवान्याविना कामगार ठेवणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहमपर्यंत दंडाची तरतूद केली. भारतात १९८३ च्या कायद्यानुसार परवान्याविना भरती करणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षे कैद आणि दोन हजार रुपये दंड आहे. चाळीस वर्षांपूर्वी ही रक्कम लहान नसेल. आज ती एका गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेतूनही सहज भागते. कायदा बदलण्याचे मसुदे २०१९, २०२१ आणि पुन्हा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

एका तरतुदीची माहिती मात्र भिवंडीच्या वस्त्यांत पोहोचायला हवी. या कायद्याखाली खटला भरण्यास एरवी केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. परंतु फसवणूक झालेला कामगार स्वतः किंवा त्याच्या वतीने आई, वडील अथवा पत्नी तक्रार करत असेल तर ती लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा वेगळा नोंदवता येतो. अडचण येते ती पुराव्याची. पैसे रोखीने दिलेले, पावती नाही, एजंटचा परवाना क्रमांक कोणी विचारलेला नाही. परवानाधारक एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’च्या संकेतस्थळावर खुली असते. पैसे मोजण्यापूर्वी ती पाहणे, रक्कम बँकेतून देणे आणि मोबाइलवरील संदेश जपून ठेवणे एवढे झाले, तर निदान पोलीस ठाण्याच्या पायरीवर सांगण्यासारखे काही हाती राहते.