अ‍ॅलिटरेशन पाठ, अनुप्रास गायब!

परवा शेजारची दहावीतली मुलगी इंग्रजीची वही घेऊन आली. "काका, हे बघा, अ‍ॅलिटरेशन शोधलं!" बघतो तर तिने 'सिटी' आणि 'कॅट' या दोन शब्दांना गोल केलेले. दोन्ही 'सी'ने सुरू होतात ना! म्हटलं, मोठ्याने वाच. तिने वाचलं. एकात 'स', दुसऱ्यात 'क'. पोरगी गप्प.

मी विचारलं, "अगं, अनुप्रास शिकलीस ना? अक्षर नाही, आवाज परत यायला हवा." तर म्हणते, "हो, पण ते मराठीच्या पेपरला असतं!"

मित्रांनो, हे वाक्य त्या मुलीचं नाही, आपल्या शिकवण्याचं आहे. अनुप्रास म्हणजे अ‍ॅलिटरेशन, उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सनिफिकेशन. तिसऱ्या तासाला जे मराठीत शिकवलं, तेच पाचव्या तासाला इंग्रजीत नवं संकट म्हणून येतं. दोन्ही शिक्षक एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात, पण मुलांना हे एकच आहे असं सांगत कोणीच नाही!

आणि आपलं पोर काही रिकाम्या हाताने येत नाही. उपमेय कोणतं, उपमान कोणतं हे ते मराठीच्या तासाला शिकतं. इंग्रजीत मेटाफरच्या या दोन बाजूंना 'टेनर' आणि 'व्हेइकल' ही नावं आय. ए. रिचर्ड्‌स यांनी दिली ती 1936 साली. आपल्याकडे उपमा आणि रूपक नाट्यशास्त्रातल्या चार अलंकारांत आहेत. हे छाती फुगवायला सांगत नाही. हातात असलेलं हत्यार वापरा, एवढंच म्हणणं आहे.

सगळं जुळतं असंही नाही. 'जणू'वाली आपली उत्प्रेक्षा इंग्रजीत बहुतेक वेळा सिमिलीतच जाते. उलट 'आयरनी' एवढी पसरट की आपली व्याजस्तुती तिचा फक्त एक कोपरा. पण हा फरक दाखवणं म्हणजेच शिकवणं ना?

आता पेपर बघा. दहावीला कवितेच्या रसग्रहणाचा पाच मार्कांचा प्रश्न. शीर्षक, कवी, यमकरचना, एक अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना दोन-तीन ओळींत. अलंकाराचं नाव लिहिलं की काम झालं. कल्पना गाइडमधून पाठ. रसग्रहण म्हणे! यात रस कुठंय आणि ग्रहण कुठंय?

'नदी वाहत होती' आणि 'नदी कुरकुरत वाहत होती' यात काय बदललं, एवढं विचारा. पोर सांगेल, दुसरी नदी दमलेल्या माणसासारखी वाटते. झालं! मग त्याला पर्सनिफिकेशन म्हणा, चेतनगुणोक्ती म्हणा. आधी अनुभव, मग नाव. आपण नाव आधी चिकटवतो आणि अनुभव कायमचा राहून जातो.

"मार्क मिळतात ना, मग कशाला डोकं लावता?" असं म्हणणारे येतीलच. मार्क मिळतात हो. पण ज्या घरात इंग्रजी वाचणारं कोणी नाही, तिथलं पोर दहा वर्षं शिकून एवढंच शिकतं की इंग्रजी कविता आपल्यासाठी नाहीच. आणि इंग्रजी माध्यमातल्या पोराला उपमा म्हटलं की फक्त नाश्ता आठवतो! नुकसान दोघांचंही.

मागणी काही फार मोठी नाही. वर्गात एक तक्ता लावा, दोन्ही भाषांतली नावं शेजारी शेजारी. वर्षातून दोन तास मराठी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून घ्या. आणि पेपरात अलंकाराच्या नावासोबत 'त्याने ओळीत काय साधलं?' यालाही मार्क ठेवा. याला ना निधी लागतो, ना जीआर. मार्कांचं तेवढं बोर्डाने बघावं.

त्या मुलीला मी फक्त दोन्ही यादी शेजारी लिहून दिल्या. बघत राहिली आणि म्हणाली, "काका, म्हणजे यातलं निम्मं मला येतच होतं की!"

येतच होतं. दहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. शिक्षक मित्रांनो, उद्या वर्गात तुम्ही सांगा.